भिंतीवरचं ‘हेच’

शिडीच्या घरात स्टूल होतं, हीच मुळात संतापाची गोष्ट आहे.

शिडी हे एका माणसाचं नाव. खरं नाव नव्हे; कॉलेजात उंचीवरून पडलेलं आणि पुढे त्यानेच मोठ्या हौसेने इंटरनेटवर स्वतःला लावून घेतलेलं. हा गृहस्थ हात वर करून पंख्यावरची धूळ पुसायचा, म्हणजे मनात आलं तर. त्याची बायको शाळेत भूगोल शिकवायची आणि त्याच्या खांद्याच्या बरीच खाली संपायची. स्वयंपाकघर आधीच्या मालकाने बांधलेलं होतं आणि तोही बहुधा शिडीच्याच मापाचा असावा. त्यामुळे साखर वर, पीठ वर, कपबशा त्याच्याही वर. भूगोलाच्या बाई लग्न झाल्यापासून एका लंगड्या स्टुलावर चढून चहा करत होत्या. मागच्या वर्षी स्टूल एका दिशेला गेलं, बाई दुसऱ्या दिशेला गेल्या आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

“घरात शिडी असून मी स्टुलावर चढते,” ती म्हणाली होती. “त्या फळ्यांचं काहीतरी कर ना रे.”

शिडीने लॅपटॉपवरून मान न उचलता उत्तर दिलं होतं, “मला तर पोचतं.”

आता सांगा, अशा माणसाशी काय बोलायचं? ती बोललीच नाही. तिने सुतार शोधला, लाकूड पसंत केलं आणि जुन्या फळ्या समोर उभं राहून काढून घेतल्या. ओट्याशेजारची ती भिंत मोकळी झाली, तिला पांढरा रंग लागला, आणि बाई तिच्याकडे अशा बघत राहिल्या जसं काही घरात नवीन खिडकी पाडली आहे.

मिस्त्रीची एक पद्धत होती. कागदावरचा नकाशा तो हातात घेत नसे.

“कागद उडतो, भिजतो, नाहीतर त्यावर चहा सांडतो,” तो म्हणाला. “तुम्ही भिंतीवरच आखून द्या, ताई. भिंतीवर जे असेल ते मी करणार. माझ्या मनाचं एक सूतसुद्धा घालणार नाही. मागे एका गिऱ्हाइकाला दोन शब्द शहाणपणाचे सांगायला गेलो, तर त्याने सुतारच बदलला. तेव्हापासून मी डोकं घरी ठेवून येतो.”

बाईंना हे फार आवडलं. शाळेतली लांब पट्टी घेऊन त्यांनी भिंतीवर नकाशा काढला. त्यांच्या हाताला न ताणता पोचेल अशा उंचीवर एक रुंद कप्पा, त्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं ‘रोजचं’. त्याच्या वर एक अरुंद कप्पा, ‘अधूनमधून’. खाली दोन खण, ‘पाहुणे आले तर’. कोपऱ्यात प्रमाण लिहिलं. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हात थांबेना म्हणून दुसऱ्या कोपऱ्यात एक बाण काढून त्यावर ‘उ’ लिहिला, उत्तर दिशेचा.

“मी शुक्रवारपर्यंत ताईकडे जाते,” शनिवारी बॅग भरताना ती म्हणाली. “भुश्शाने मला शिंका आवरत नाहीत. सोमवारी मिस्त्री येईल. तू फक्त दार उघड. बाकी काही करू नकोस. काहीसुद्धा नाही.”

“मी कशाला काय करतोय?” शिडी दुखावून म्हणाला. आणि तेव्हा ते खरंही होतं.

ती जिना उतरते न उतरते तोच शिडीच्या आईचा फोन आला.

“तुझं ते यंत्र माझ्या जिवावर उठलंय,” आई म्हणाली. “सकाळी गोळी घेतली. बटण दाबलं. तरी मेलं दर दहा मिनिटांनी कोकलतंय. आत्ता शेजारीण विचारून गेली, घरात कोणी आजारी आहे का म्हणून.”

“आई, तू ‘घेतली’ दाबायच्या ऐवजी ‘नंतर’ दाबलं असशील.”

“दोन्ही बटणं एकाला एक चिकटलेली, एका मापाची, एका रंगाची. माझं बोट काय सुई आहे? कोणी केलंय हे?”

यंत्र म्हणजे गोळ्यांची आठवण करून देणारं एक ॲप. आणि ते कोणी केलंय, याचं उत्तर अवघड होतं, कारण ते ओपन सोर्स होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओपन सोर्स म्हणजे असं सॉफ्टवेअर, जे कोणीही फुकट वापरावं, कोणीही सुधारावं आणि ज्याबद्दल कोणीही वाटेल ते बोलावं. पहिलं पुष्कळ लोक करतात. दुसरं बोटावर मोजण्याइतके करतात. तिसऱ्यासाठी मात्र माणसं जेवण टाकून येतात. जगभरातली ही मंडळी एकमेकांना कधी भेटत नाहीत, एकमेकांची तोंडं पाहत नाहीत, नुसतं एका पानावर एकाखाली एक लिहीत राहतात. उंटावरून शेळ्या हाकणं आपण ऐकलेलं असतं. इथे शेळी एक असते आणि उंट शंभर.

शिडी त्या बोटावर मोजण्यासारख्यांपैकी होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. आईचा फोन ठेवताच त्याने चर्चेच्या पानावर लिहिलं, की ‘घेतली’ हे बटण मोठं करून खाली अंगठ्याजवळ आणावं आणि ‘नंतर’ छोटं करून वर दूर कोपऱ्यात टाकावं, म्हणजे चुकून दाबलं जाणार नाही. सरळ गोष्ट होती. शेंबड्या पोराला कळली असती.

पहिलं उत्तर आलं ते ‘जुनं खोड’ या नावाच्या माणसाचं. हे ॲप मुळात त्यानेच लिहिलं होतं आणि आता तो वर्षातून दोन-चारदा उगवून एकच वाक्य बोलायचा.

“माझ्याकडे चालतंय,” जुन्या खोडाने लिहिलं.

“तुमच्याकडे चालत असेल!” शिडीने टाइप केलं. “माझ्या आईकडे चालत नाही!”

मग ‘काटकोन’ आला. काटकोनाने या ॲपमध्ये आजवर एक ओळही लिहिलेली नव्हती, पण या पानाचे सगळे नियम त्यानेच लिहिले होते.

“नियम चार पाहा,” काटकोनाने लिहिलं. “डिझाइनबद्दल शब्दांत बोलू नये. चित्र द्यावं. तसंच नियम सात आठवतो का? कल्पना बघावी, ती कोणाची हे बघू नये. आणि नियम नऊ: ज्याने केलं, त्याने सांभाळायचं.”

चित्र द्यावं! पण कशात काढून? चित्र काढायचं कोणतं सॉफ्टवेअर पुरेसं खुलं आणि पुरेसं फुकट, यावर या मंडळींचं वर्षभर भांडण झालं होतं. शेवटी कोणतंच चालणार नाही असं ठरलं आणि तेव्हापासून जो तो हाताने चित्र काढून त्याचा फोटो टाकायचा. शिडी कागद शोधायला उठला. प्रोग्रामरच्या घरात कागद कुठला? बायकोच्या वह्या शाळेत. वाण्याचं बिल सापडलं, त्यावर बटणसुद्धा मावेना. शोधत शोधत तो स्वयंपाकघरात आला.

समोर पांढरीशुभ्र भिंत. एका अंगाला बायकोचा नकाशा, शेजारी भरपूर मोकळी जागा, आणि ओट्यावर पेन्सिल.

‘नंतर पुसून टाकू,’ असं तो मनाशी म्हणाला. हे ‘नंतर’ बटण त्याने त्या दिवशी असं अगदी सहज दाबलं.

त्याने आपल्या हाताला सोयीची उंची धरून दाराएवढा एक फोन काढला. वर छताजवळ उजव्या कोपऱ्यात चिमुकला चौकोन, ‘नंतर’. खाली जमिनीलगत भलामोठा चौकोन, ‘घेतली’. फोटो काढून टाकला. सोबत एक परिच्छेदही लिहिला, आणि रागात माणूस बरं लिहितो म्हणतात ते खोटं नाही. त्याने लिहिलं: “जी वस्तू रोज लागते ती वापरणाऱ्याच्या हाताला पोचली पाहिजे. करणाऱ्याच्या नव्हे, वापरणाऱ्याच्या! माणसाला स्टूल घेऊन चढायला लावणारं डिझाइन हे डिझाइन नाही, तो त्या माणसाचा अपमान आहे.” दिव्याखाली अंधार असतो, तो दिव्याला दिसत नाही.

या परिच्छेदाला भराभर शाबासक्या मिळाल्या. मग सूचना सुरू झाल्या.

“सुंदर!” ‘मधमाशी’ नावाच्या बाईने लिहिलं. ती सगळ्यांशी गोड बोलायची आणि गोड बोलून काम दुप्पट करून ठेवायची. “पण फार दाटी वाटते ना? मध्ये थोडी मोकळी जागा?”

शिडीने मधला सगळा भाग खोडरबराने पुसला आणि तिथे लिहिलं, ‘इथे काही नको. श्वास घ्यायला जागा.’

“वर डावीकडे मेनूच्या तीन आडव्या रेघा हव्यात. नियम अकरा,” काटकोन म्हणाला. शिडीने तीन रेघा ओढल्या.

“आणि घंटा?” आणखी कोणीतरी विचारलं. शिडीने एक वाटी भिंतीवर उपडी धरून गोल काढला. आत लिहिलं, ‘घंटा’.

रविवारी दुपारी त्याने चार पावलं मागे जाऊन पुन्हा फोटो काढला, सगळं नीट दिसावं म्हणून. सगळं नीट दिसलं. शेजारचा बायकोचा नकाशाही दिसला.

तासाभराने शिडी चहा घेऊन लॅपटॉपपाशी आला, तर पानावर जत्रा भरलेली.

“पर्याय एक ठीक आहे,” मधमाशीने लिहिलं होतं. “पण पर्याय दोन! अहाहा! मधोमध ‘रोजचं’, बरोबर हातापाशी. ‘अधूनमधून’ वर. किती साधं!”

“आणि ‘पाहुणे आले तर’!” काटकोनाला भरून आलं होतं. “पाहुण्यांच्या गोळ्या घरच्या यादीत मिसळू नयेत, हे मी कधीपासून ओरडतोय. शेवटी कोणाला तरी कळलं.”

“प्रमाणसुद्धा लिहिलंय,” तिसरा म्हणाला. “असं काम हल्ली बघायला मिळत नाही. कोपऱ्यातला तो बाण कशाचा आहे?”

शिडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “पर्याय दोन असं काही नाही!” त्याने लिहिलं. “ते डिझाइन नाही! ती फळी आहे! माझ्या बायकोची, स्वयंपाकघरातली फळी!”

“नियम सात,” काटकोनाने लिहिलं. “कल्पना बघावी, कोणाची हे बघू नये. बायकोची म्हणून कमी लेखणं शोभत नाही.”

“अहो, कमी लेखत नाही! त्यात साखर ठेवायची आहे!”

“मधुमेहाचा मुद्दा चांगला आहे,” मधमाशीने लिहिलं. “तो वेगळ्या पानावर घेऊ या.”

“खाली उजवीकडे ती तीन भोकं दिसतात, ती आणखी पर्याय उघडायची खूण ना?” कोणीतरी विचारलं.

“तो प्लग आहे! विजेचा प्लग!”

“म्हणजे चार्जिंग दाखवायचं?”

काय बोलणार! पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळपर्यंत शिडीने तीस-चाळीस उत्तरं लिहिली आणि प्रत्येक उत्तरागणिक पर्याय दोनला पाच मतं वाढली. काटकोनाने जाहीर केलं की शुक्रवारी मतदान बंद होईल. शेवटी शिडी तरातरा स्वयंपाकघरात गेला आणि पेन्सिल मोडेल इतकी दाबून आपल्या चित्रावर मोठी बरोबरची खूण केली. खाली लिहिलं, ‘हेच!’ बायकोच्या नकाशावर एक लांब तिरकी रेघ मारून लिहिलं, ‘हे बघू नका. याचा इथे काही संबंध नाही.’ फोटो काढला, टाकला, आणि विजयी मुद्रेने हॉलमध्ये जाऊन बसला.

भिंत पुसायची राहिली.

सोमवारी मिस्त्री आला. शिडीने सांगितल्याप्रमाणे फक्त दार उघडलं. दोन पानांवर तीन भांडणं चालू होती. त्याच्या ऑफिसचं कामसुद्धा त्याने आजारी आहे म्हणून टाळलं होतं. मिस्त्रीने धूळ येऊ नये म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला प्लास्टिक लावलं, आत गेला आणि पाच मिनिटांत पुन्हा बाहेर आला. त्या बिचाऱ्याने विचारलं, हे नमूद करून ठेवतो, नाहीतर उद्या त्याच्यावर यायचं.

“साहेब, भिंतीवर दोन आहेत.”

“मला माहीत आहे दोन आहेत!” शिडी कीबोर्डवर बोटं आपटत म्हणाला. “म्हणून तर डोकं उठलंय.”

“त्यातलं ‘हेच’ लिहिलंय, ते करायचं ना?”

“हेच! हेच! हेच! किती जणांना किती वेळा सांगू? सगळ्या जगाला ओरडून सांगतोय, हेच करायचं आहे, ते दुसरं बघायचं नाही!”

“बरं,” मिस्त्री म्हणाला. “मी आपलं विचारलं. ताईंनी आधी दुसरं—”

“तुम्हीपण पर्याय दोनवालेच का?”

मिस्त्रीला सुतार बदलण्याचा जुना प्रसंग आठवला. तो मुकाट्याने प्लास्टिकच्या आड गेला. लगेच करवत सुरू झाली, शिडीने कानांवर हेडफोन चढवले, आणि पुढचे चार दिवस दोन माणसं एका भिंतीच्या दोन बाजूंना आपापल्या परीने घाम गाळत होती. शिडी कोपऱ्यावरून पाव आणून खात होता. आत डोकावून बघावं असं त्याला एकदाही वाटलं नाही. का वाटावं? स्वयंपाकघर हा त्याचा विषय नव्हता. तो त्या वेळी माणसाच्या हाताला काय पोचावं यावर जगाशी लढत होता.

शुक्रवारी दुपारी बायको परत आली. चेहरा शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांचा असतो तसा.

“झालं, मिस्त्री?”

“आत्ताच शेवटचा खिळा मारला, ताई,” मिस्त्री म्हणाला आणि प्लास्टिक बाजूला केलं. “बघा. भिंतीवर होतं तसं, एका सुताचा फरक नाही.”

ती आत गेली. शिडीही मागोमाग गेला, आणि उंबऱ्यातच थिजला.

भिंतीला दाराएवढं एक कपाट उभं होतं. तळाशी, जमिनीला टेकून, एक खण होता. एवढा मोठा, की त्यात शिडीच्या बायकोला हातपाय पसरून झोपता आलं असतं. वर, पार छताखाली उजव्या कोपऱ्यात, जेमतेम एक डबा मावेल असा चिमुकला कप्पा. दोघांच्या मध्ये काही नव्हतं. फळी नाही, कप्पा नाही, नुसतं घासून गुळगुळीत केलेलं कोरं लाकूड. डावीकडे वर लाकडाच्या तीन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, ज्यांवर चमचाही राहिला नसता. आणि त्यांच्या शेजारी एक गोल भोक.

बाईंनी त्या कोऱ्या लाकडावरून हात फिरवून बघितला.

“हे काय आहे?” शेवटी तिने विचारलं. आवाज अगदी हळू होता, आणि शिडीला त्याचीच भीती वाटली.

“हा ‘घेतली’,” मिस्त्रीने पायाने खण पुढे ओढून दाखवला. “घेतलेलं सामान ठेवायचा असेल. वरती तो ‘नंतर’.”

“नंतर काय?”

“ते लिहिलेलं नव्हतं. म्हटलं, नंतर ठरवणार असाल.”

“आणि हे मधलं?”

“ही श्वास घ्यायला जागा.”

“आणि भोक?”

“घंटा,” मिस्त्री म्हणाला, आणि मग पहिल्यांदाच थोडा घुटमळला. “घंटा तुम्ही आणणार होता ना? मी आणायची होती का?”

तिने वळून नवऱ्याकडे बघितलं. शिडी म्हणाला, “मी सांगतो.” नेमक्या त्याच वेळी त्याच्या हातातला फोन वाजला. मतदान संपलं होतं.

“कोण आहे?”

“कोणी नाही. ते आपलं... तुझी फळी निवडून आली.”

तिने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि चर्चेचं पान अगदी वरपासून वाचायला लागली. शाळेत उत्तरपत्रिका तपासायची सवय. एक ओळ सोडेल तर शपथ. मिस्त्री हत्यारं आवरत होता. शिडी श्वास घ्यायच्या जागेला पाठ टेकून उभा होता.

“‘माणसाला स्टूल घेऊन चढायला लावणारं डिझाइन हे डिझाइन नाही,’” ती मोठ्याने वाचू लागली, “‘तो त्या माणसाचा अपमान आहे.’ हे कोणी लिहिलंय?”

शिडीने पाठीमागचं गुळगुळीत लाकूड बोटाने पुसलं.

“छान लिहिलंय,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते रागाने की कशाने हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. “हे तू आईंच्या बोटासाठी लिहिलंस, अनोळखी लोकांच्या अंगठ्यासाठी लिहिलंस. माझं मनगट मोडलं तेव्हा काय म्हणालास, आठवतं? ‘मला तर पोचतं.’”

“चुकलं माझं,” शिडी म्हणाला. “मिस्त्री, हे काढून ताईंनी आखलं होतं तसं करता येईल ना?”

“लाकूड संपलं, साहेब. आणि मी उद्यापासून दुसरीकडे बांधलोय. पावसाळा संपला की येतो.” मिस्त्रीने पिशवी खांद्याला लावली आणि दारातून पुन्हा एकदा म्हणाला, “मी विचारलं होतं.”

शिडीची बायको पान खाली सरकवत राहिली. शेवटाकडे जुन्या खोडाचा मजकूर होता. जुन्या खोडाने आयुष्यात पहिल्यांदा दुसरं वाक्य लिहिलं होतं: “इतक्या वर्षांत इतकं समजूतदार डिझाइन पाहिलं नाही. ज्यांनी काढलं त्यांचं नाव ॲपच्या पहिल्या पानावर घाला.” त्याखाली मधमाशीने फुलं टाकली होती. त्याखाली काटकोनाने विचारलं होतं, की बाणाचं नक्की काम काय, पण ठरलंय तर बाणही ठेवावाच लागेल.

“या नियम नऊचं काय?” तिने विचारलं.

“कुठल्या?”

“हे काय, तुझ्या काटकोनाने लिहिलंय. ‘ज्याने केलं, त्याने सांभाळायचं.’” तिने फोन त्याच्या हातात परत दिला, डोळे पुसले आणि उठली. “पहिल्यांदाच एक शहाणा माणूस भेटला तिथे. मी आता चहा घेईन. साखर तू म्हणशील तिथे असेल.”

आणि ती हॉलमध्ये जाऊन बसली.

नवीन व्हर्शन पुढच्याच महिन्यात आलं. शिडीच्या आईचा फोन आला तेव्हा तो खणात डोकं घालून पीठ शोधत होता.

“आता कसं!” आई म्हणाली. “मधोमध एवढं मोठं ‘रोजचं’. अंधारातसुद्धा बोट बरोबर पडतं. एकदा कोकलतं आणि गप्प बसतं. तूच केलंस ना?”

“नाही,” शिडी दात आवळून म्हणाला. “तुझ्या सुनेने केलं.”

“वाटलंच मला. आणि कोपऱ्यात तो बाण कसला रे?”

“उत्तर दिशेचा.”

“बरं झालं,” आई म्हणाली. “माहीत असलेलं बरं.”

कपाट अजून तसंच आहे. पावसाळा संपला, मिस्त्री दोनदा दाराशी येऊन गेला आणि दोन्ही वेळा भूगोलाच्या बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. चहा अर्थात शिडीने केला. साखरेचा डबा ‘नंतर’मध्ये असतो, तिथे घरात एकाच माणसाचा हात पोचतो. बाकी सगळं सामान ‘घेतली’मध्ये, आणि त्यासाठी त्या एकाच माणसाला कमरेत दुमडून जमिनीशी जावं लागतं. सकाळी वर, खाली, वर, खाली. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. लंगडं स्टूल आता हॉलमध्ये आहे, बाई त्यावर पाय ठेवून मुलांचे नकाशे तपासतात.

परवा शिडी एका हातात पातेलं आणि दुसरा हात कमरेवर अशा अवस्थेत हॉलच्या दारात येऊन उभा राहिला.

“हे असं चालणार नाही,” तो तळतळून म्हणाला. “वर हात ताणून खांदा गेला, खाली वाकून कंबर गेली. माणसाने वापरायचं कपाट आहे का हे? काहीतरी बदलायला पाहिजे, आजच्या आज!”

तिने हातातल्या नकाशावर लाल पेनने एक नदी दुरुस्त केली, चहाचा घोट घेतला आणि मान न उचलता म्हणाली,

“माझ्याकडे चालतंय.”